खांडेनवमीचं मुसकं

पिंगळीच्या स्टेशनातून बाहेर आलं की समोर जी पांढरी कमान दिसायची, ती दुधना खोरे बियाणे संघाची. आणि कमानीखाली स्टुलावर जो तांबड्या पटक्याचा माणूस दिसायचा, तो सटवाजी. स्टूल तीन पायांचं होतं. चौथा पाय कुणीतरी होळीला नेला होता. तरी सटवाजी त्याच्यावर असा ऐसपैस बसे, की बघणाऱ्याला वाटावं, स्टुलाला मुळात पाय तीनच असतात आणि बाकीच्या दुनियेनं उगीच एक वाढवून ठेवलाय.

संघाच्या आधी त्या जागेवर पडीक होतं आणि त्या पडकावर सटवाजीच्या बापाची मेंढरं बसायची. संघानं जमीन घेतली, गोदाम उठवलं. तेव्हा संघाचे चेअरमन आबासाहेब, म्हणजे आजूबाजूच्या गावांत ज्यांच्या शब्दावर लग्नं जमत आणि मोडत असा माणूस, म्हाताऱ्याला म्हणाले, "तुझं एक लेकरू आमच्याकडं राखणीला दे. त्याला कायम करून घेतो." धाकट्या बिरूला मेंढरांच्या वासाशिवाय झोप लागत नसे, म्हणून थोरला सटवाजी राखणीला आला. गोदामामागं एक खोली मिळाली, रोजंदारी लागली. कायम करायचं तेवढं राहून गेलं.

दर दिवाळीला आबासाहेब म्हणायचे, "सटवा, औंदा तुझं काम करूनच टाकू."

दर दिवाळीला सटवाजीची बायको भिवराबाई विचारायची, "काय म्हणले?"

"औंदा म्हणले."

"कोन्ती औंदा? गेल्या साली गेली ती, का अजून यायची ती?"

हसायची बोलून, पण धास्ती दोघांनाही होती. मेंढरं बिरूच्या वाट्याला गेलेली. आता परत फिरायचं तर भावाच्या दारात जाऊन उभं राहायचं. कायम झालं की खोली पक्की, माणूस पक्का. नाही झालं तर कुणाच्याही एका शब्दावर बिऱ्हाड रस्त्यावर.

संघात कॉम्प्युटर आणला तो नागनाथनं. हा औंढ्याकडचा तरुण, मुंबईला शिकून आलेला, बोटभर जाडीचा चष्मा. मशीन परभणीहून जीपमध्ये आलं. मागच्या बाजूला सटवाजी बसला होता आणि मशीन गोधडीत गुंडाळून त्याच्या मांडीवर. खड्डा आला की तो जीपवाल्यावर खेकसायचा, "हळू रं! पोटुशी बाई बसलीय मागं असं समज!" मशीनसाठी थंड हवेची खोली केली. चपला बाहेर काढायच्या असा हुकूम निघाला. पहिल्याच आठवड्यात आबासाहेबांच्या मेव्हण्याच्या कोऱ्या करकरीत कोल्हापुरी वाहणा गेल्या. त्या दिवसापासून सटवाजीकडं खोलीच्या किल्लीबरोबर चपलांची राखणही आली. ज्याच्या-त्याच्या चपला तो ओळखायचा. कोण आत आहे हे विचारायला लोक खोलीत डोकावत नसत, सटवाजीच्या पायाशी बघत.

मशीन चालवायला नागनाथनं त्यात जी व्यवस्था घातली होती तिचं नाव लिनक्स. कुण्या दोस्तानं परदेशातून फुकट मिळवलेली, फ्लॉपींची ही मोठी चळत. नागनाथला तिचं फार कौतुक, पण ऐकायला कुणी नाही. संघाचा कारकून बन्सीधर ऐकता ऐकता पेंगायचा. सटवाजी मात्र मांडी घालून ऐके.

"ह्याच्यात जी फाईल ठेवली ना सटवाजी, तिच्यावर मशीन आपोआप वेळ टाकतं," नागनाथ सांगे. "कधी लिहिली ती एक वेळ. आणि शेवटची कधी उघडून वाचली, ती वेगळी."

"नुसतं वाचलं तरी?"

"नुसतं वाचलं तरी. हात लागला की खूण पडली."

सटवाजीला हे लय पटलं. "आमच्यात मेंढराच्या कानाला खूण असती. पर ती कुणाचं मेंढरू ते सांगती. कवा कुणी पाठीवर हात फिरवला ते न्हाई सांगत. हे भारी काम हाय, साहेब."

त्या साली संघानं ज्वारीचे नवे वाण पेरून बघितले होते. वाफ्यांवर नावं नाहीत, नुसते आकडे. कोणत्या आकड्याचा वाण कोणता आणि कुणाला किती उतारा पडला, ते सगळं एका फाईलीत. दिवाळीनंतरच्या सभेत आबासाहेब ते स्वतःच्या तोंडानं जाहीर करणार होते. तोवर कुणाला कळू द्यायचं नाही, कारण कळलं की परभणीच्या मोंढ्यातले, म्हणजे धान्यबाजारातले बियाणेवाले आधीच धाव घेणार.

मग आली नवरात्रातली अष्टमी. दुसऱ्या दिवशी खांडेनवमी, म्हणजे हत्यारांची पूजा. नांगर, कुळव, ट्रॅक्टर, वजनकाटा सगळं धुऊन पुसून ठेवायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडूची माळ घालायची, आणि त्या दिवशी कोणतंच हत्यार चालवायचं नाही. सटवाजीच्या मते मशीनही हत्यारच. दुपारी नागनाथ दोन-चार बटणं दाबून जेवायला गेला आणि सटवाजी फडकं घेऊन खोलीत शिरला. मशीन आपलं घरघर करत होतं. ही घरघर त्याच्या ओळखीची. नागनाथ फायलींच्या नकला काढायला लावायचा तेव्हा ती यायची. सटवाजी तिला रवंथ म्हणे.

तेवढ्यात दारात भिवराबाई. "आवं, मी पुसू लागते की. तेवढंच गारव्याला बसंन."

"चपला काढ. अन् कशाला हात लावू नको."

"मग पुसू कशानं, पदरानं फुंकर घालून?"

ती आली, खिडकीच्या काचा पुसल्या, गार भिंतीला पाठ लावून घटकाभर बसली आणि गेली. परवानगीशिवाय कुणाला आत घ्यायचं नाही असा नियम होता. पण आपली बायको कुणात धरतात का?

संध्याकाळी नागनाथ दिवाळीपर्यंतच्या रजेवर गावी निघाला तेव्हा सटवाजी हात जोडून उभा. "साहेब, उद्या मशीन बंद ठिवा. हत्यार चालवू नये."

"अहो, उद्या आबासाहेब पाहुण्यांना चालू मशीन दाखवणार आहेत. बंद कसं ठेवू?" मग त्याचा चेहरा पडलेला बघून नागनाथच म्हणाला, "थांबा. एक करता येतं. हे बघा, फायली असतात त्या डिस्कवर. मशीन सुरू झालं की ती डिस्क जोडून घ्यावी लागते, बैल जुंपल्यासारखी. आणि जुंपतानाच सांगता येतं, की हिच्यावर नुसतं वाचायचं, लिहायचं काही नाही. एक अक्षर नाही, एक खूण नाही." असं म्हणून त्यानं आपल्या तोंडावर पंजा ठेवला, खळ्यावरच्या बैलाला मुसकं घालतात तसा. "बैल फिरेल, पण तोंड घालणार नाही. चालेल?"

"लय बेस झालं, साहेब. फिरू द्या, पर हत्यार चालाय नको."

नागनाथनं तसं मशीनला लिहून ठेवलं आणि हसत हसत एसटी पकडली. सटवाजीच्या छातीवरचा भार उतरला. आपण आपल्या हातानं काय मागून घेतलं, ते त्याला कळायला अजून अवकाश होता.

नवमीला मोठा थाट झाला. मशीनला माळ, दारावर आंब्याची पानं. आबासाहेब पाहुण्यांचा घोळका घेऊन आले. त्यात मोंढ्यातले व्यंकटराव होते, बियाण्यांचे मोठे व्यापारी. सटवाजी पेढ्यांचं ताट घेऊन फिरत होता.

"दाखव रं बन्सीधर ह्यास्नी," आबासाहेब म्हणाले. "आपल्या मशीनच्या पोटात काय काय हाय ते कळू द्या परभणीवाल्यांना."

"कोन्तं दाखवू, साहेब?"

"भारीतलं दाखव. ज्वारीचं दाखव."

नागनाथनं शिकवलेली दोन बटणं बन्सीधरनं दाबली. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं झरझर उतरली. बाकीच्यांनी वा वा केलं आणि चहाकडं वळले. व्यंकटराव मात्र हलले नाहीत. उचललेला पेढा तसाच त्यांच्या बोटांत राहिला. सटवाजीला तो पेढा चांगला आठवतो, कारण ताट पुढं धरून दुसरा घ्या म्हणत तो स्वतःच उभा होता आणि व्यंकटरावांना ताट दिसतच नव्हतं.

दसरा झाला. दिवाळी आली. आणि सभेच्या आधीच गावोगाव बातमी, की व्यंकटरावांनी आकडा नंबर चारचा वाण नावानिशी ओळखून त्याचं बियाणं जिथं-तिथं बांधून ठेवलंय. दुकानावर पाटीसुद्धा रंगवली. सभेत आबासाहेब नाव जाहीर करायला उठले तर मागून एक जण म्हणाला, "आमच्याकडं लागलं बी ते पेरायला!" सगळा मांडव हसला. आबासाहेब आयुष्यात पहिल्यांदा खाली बसले ते भाषण न करता.

मग शोध सुरू झाला. रजेवरून परतलेल्या नागनाथनं मशीनसमोर बसून फाईलीची वेळ काढली. शेवटचं वाचन: अष्टमी, दुपार, जेवणाची वेळ.

"त्या वेळेला मी खानावळीत होतो," तो म्हणाला. "किल्ली कुणाकडं होती?"

सगळ्यांच्या माना कमानीकडं वळल्या.

सटवाजीला वाचता येत नव्हतं. त्याला वाटलं, ह्यातच आपली सुटका आहे. पण आबासाहेब म्हणाले, "तुला वाचता येत न्हाई हे समद्यांना ठावं हाय. म्हणूनच इचारतो, सटवा. कुणाला आत घेतलंस?"

आणि इथं सटवाजी अडकला. कारण घेतलं होतं. आणि जिला घेतलं होतं तिचा सख्खा भाऊ व्यंकटरावांच्या दुकानात हमाल होता. नाव घेतलं तर बायको अडकते. नाही घेतलं तर खोटं बोलणं होतं. तो गप्प राहिला. त्याच्या त्या गप्प राहण्यानं मशीनच्या साक्षीवर आणखी एक साक्ष पडली.

आबासाहेबांनी हात पुढं केला. सटवाजीनं कमरेची किल्ली सोडून त्यावर ठेवली. किल्लीच्या दोरीचा कमरेला घट्टा पडला होता. त्या घट्ट्यावर पुढं कितीतरी दिवस त्याचा हात आपसूक जायचा.

चौकशी व्हायची होती, तोवर मशीनमध्ये कुणी काही लिहायचं नाही असं ठरलं, आणि सटवाजीला स्टुलावर बसायला मुभा होती. खोलीत जायला नव्हती. बाहेरच्या चपला मोजत तो बसे. मनात एकच गोष्ट घोळायची: फाईल तर नवमीला उघडली होती, सगळ्यांदेखत. मग हे अष्टमीचं काय?

एक दिवस त्यानं बन्सीधरला गाठलं. "बन्सीधरराव, तुमीच उघडली व्हती ना नवमीला? आबासाहेबांनी सांगितलं अन् तुमी बटणं दाबली."

बन्सीधरनं चष्मा पुसला. मग परत पुसला. "मामा, त्या दिवशी लय गडबड होती. काय उघडलं काय की. मला आठवत न्हाई बुवा."

"पेढे आठवतेत?"

"पेढे आठवतेत."

"मग पेढ्याच्या मागचं कसं न्हाई आठवत?"

बन्सीधर इकडं-तिकडं बघून हळूच म्हणाला, "मामा, मला बी लेकरंबाळं हायेत." आणि गेला.

मग तो नागनाथकडं गेला. नागनाथनं शांतपणे ऐकून घेतलं, कारण माणूस वाईट नव्हता. पण मान हलवली. "सटवाजी, नवमीला उघडली असती तर नवमीची वेळ पडली असती. मशीनला कुणाची भीडमुर्वत नसते."

"पर म्या डोळ्यानं बघितलं, साहेब."

"डोळे चुकतात. दुसरी फाईल असेल. तुम्हाला काय वाचता येतं का?"

हिरवी अक्षरं त्यानं बघितली होती. कोणती ते काय सांगणार? हळूहळू त्याचा स्वतःवरचाच भरवसा उडाला. पेढा खरंच बोटांत राहिला होता, का आपण मनानंच ठेवला? भाकर खाता खाता तो थांबायचा. भिवराबाई एकदा वैतागून म्हणाली, "काय बघायलाव तोंडाकडं? भूक हाय का न्हाई ते बी मशीनलाच इचारून या!"

"तू त्या दिवशी आत बसली व्हतीस, हे कुणाला बोलली का?"

"मी कशाला बोलू?" मग तिचा चेहरा उतरला. "आवं, माझ्यामुळं व्हायलंय का हे?"

"न्हाई गं. जेव."

पण दोघांचंही जेवण तिथंच थांबलं. भाऊबीजेला यायचं राहिलेला भाऊ मागाहून ओवाळून घ्यायला आला. त्याला तिनं दारातूनच ओवाळून वाटेला लावला, आत ये म्हणाली नाही. संघातल्या माणसांनी त्याला खोलीत बसलेलं बघू नये म्हणून. भाऊ खुळ्यासारखा कपाळाचं कुंकू चाचपत स्टेशनकडं गेला.

चौकशीला परभणीहून एक रिटायर तहसीलदार यायचे होते. जानेवारीतली तारीख ठरली आणि नेमकं त्याच दिवसांत विद्यापीठाचं नामांतर जाहीर झालं. जागोजाग बंदोबस्त, एसट्या बंद, गाड्यांचा नेम नाही. स्टेशनवर उतरणारा प्रत्येक जण त्याचंच बोलत होता. कुणी आनंदानं गळ्यात पडत होता, कुणी तोंड पाडून भरभर घर गाठत होता. एवढी मोठी गोष्ट घडत होती आणि सटवाजी कमानीखाली बसून एका दुपारचा विचार करत होता. त्याची त्यालाच लाज वाटायची, पण इलाज नव्हता. गोठ्यात बांधलेल्या जनावराला आभाळ तेवढंच दिसतं, जेवढं दारातून दिसतं. तारीख पुढं गेली, आणखी पुढं गेली. बिरूनं निरोप धाडला, "दादा, सोड ते. मेंढरामागं ये." निरोपात माया होती. पण आत्ता गेलं तर चोर म्हणून जाणं होतं. राहिलं तरी चोर म्हणूनच राहणं होतं.

शेवटी तहसीलदार आले. सगळे मशीनच्या खोलीत जमले. सटवाजीला दाराशी उभं केलं. काचेच्या पलीकडं ओट्यावर भिवराबाई पदर तोंडाला लावून बसली होती.

"मला ह्यातलं काही कळत नाही," तहसीलदार म्हणाले. "ही वेळ खरी कशावरून?"

नागनाथला हुरूप आला. "साहेब, समोरच दाखवतो. ही बघा फाईल, शेवटचं वाचन अष्टमीचं. आता मी ती तुमच्यासमोर उघडतो." अक्षरं झरझर उतरली. "वाचली? आता परत वेळ काढतो. आत्ता, ह्या घडीची पडलेली दिसेल."

त्यानं बटणं दाबली. पडद्यावर वेळ आली.

अष्टमी, दुपार, जेवणाची वेळ.

नागनाथनं परत फाईल उघडली. परत वेळ काढली. अष्टमी. मग त्यानं भराभर दुसऱ्या फायली बघितल्या. अष्टमी, अष्टमी, सगळ्या अष्टमीच्याच. जणू सगळ्यांनी मिळून एकाच दुपारी श्वास घेतला आणि सोडायचा विसरल्या. त्याची बोटं बटणांवर थांबली. थंड खोलीत त्याच्या कानामागं घाम आलेला सटवाजीला दिसला.

"काय झालं?" तहसीलदारांनी विचारलं.

"आबासाहेब," नागनाथ उठत म्हणाला, "जरा बाहेर येता?"

दोघं व्हरांड्यात गेले. काचेतून आवाज येत नव्हता, नुसत्या हालचाली दिसत होत्या. नागनाथ काहीतरी कळवळून सांगत होता. आधी त्यानं जेवतानासारखा हात तोंडाकडं नेला आणि दोन बोटांनी बटणं दाबल्यासारखं केलं. मग पंजा स्वतःच्या तोंडावर ठेवला, खळ्यावरच्या बैलाला मुसकं घालतात तसा.

सटवाजीला सगळं उमगलं. काही शिकून नव्हे. तो हात त्यानं आधी बघितला होता, त्याच्याच मागणीवरून. मुसकं चढलं ते त्या संध्याकाळी, आणि कुणी काढलंच नव्हतं. नवमीला फाईल उघडली होती. मशीननं ती बघितली होती. पण खूण करायची मुभा त्याला नव्हती. शेवटची खूण राहिली ती अष्टमीच्या रवंथाची, नकला काढताना मशीननं स्वतःच फायली वाचल्या त्याची, नागनाथच दाबून गेलेल्या बटणांची. म्हणजे पेढा खरा होता! त्यानं काचेतून भिवराबाईकडं बघितलं आणि हलकेच मान हलवली. तिला काही कळलं नाही, पण ती उठून उभी राहिली.

व्हरांड्यात आबासाहेब खाली बघत होते. त्यांनाही नवमी आठवत असावी, कारण त्यांनी हाताची बोटं एकमेकांना पुसली, पेढा खाऊन झाल्यावर पुसतात तशी. मग ते आत आले. मागून नागनाथ आला, चष्मा हातात, कुणाकडंच न बघता.

"तहसीलदारसाहेब," आबासाहेब दमदार आवाजात म्हणाले, "मशीनचं राहू द्या. मशीन हे मशीन हाय. मानूस बघावा. ह्या सटवाच्या बापाला म्या शब्द दिला व्हता. चूक कुणाच्या हातनं व्हत न्हाई? दिवाळीपासून हा झुरायलाय. माझं मन मला खायलंय. म्या ह्याला माफ केलं."

सटवाजीनं तोंड उघडलं. "आबासाहेब, पर मी तर..."

"अन् नुसतं माफ न्हाई," आबासाहेब पुढं बोलतच राहिले, आवाज आणखी चढवून. "औंदा-औंदा म्हणून लय दिवस काढले. आजपासून सटवा कायम!"

बन्सीधरनं सगळ्यांत आधी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी. तहसीलदारांचे डोळे पाणावले. "आबासाहेब, असं मन मी उभ्या नोकरीत बघितलं नाही," ते म्हणाले. "बाबा, पाया पड ह्यांच्या."

काचेच्या पलीकडं भिवराबाईनं टाळ्या ऐकल्या होत्या, बोलणं नाही. ती हसत होती, रडत होती आणि काचेतूनच हात जोडत होती. सटवाजीनं तिच्याकडं बघितलं. मग गोदामामागच्या खोलीच्या दिशेनं बघितलं. इथं बोललं तर खोली जाते. आणि बोलून ऐकणार कोण? टाळ्या अजून थांबल्या नव्हत्या. तो वाकला आणि पाया पडला. आबासाहेबांच्या पावलांना झेंडूचा वास नव्हता, पण त्याला आला.

त्या संध्याकाळी नागनाथनं मुसकं काढलं आणि किल्ली आणून सटवाजीच्या हातात दिली. "सटवाजी, चूक माझी होती."

"कळलं मला, साहेब. मग तितं का न्हाई सांगितलं?"

"सांगितलं की. आबासाहेबांना."

"तितं मी बी व्हतो, साहेब."

नागनाथ चपला शोधू लागला. समोरच होत्या, तरी त्याला सापडेनात. सटवाजीनं पायानं पुढं सरकवून दिल्या.

सटवाजी कायम झाला. स्टुलाला चौथा पाय बसला आणि गंमत बघा, त्या दिवसापासून ते डुगडुगायला लागलं. लोक भेटले की म्हणत, "नशीबवान हायेस गड्या. दुसऱ्या कुणी पोलिसात दिलं असतं. आबासाहेबांनी पोटाशी धरलं." कुणी सोयरा घरी आला तर निघताना भिवराबाईला म्हणे, "आता तरी जपून राहा म्हणावं." आबासाहेब प्रत्येक सभेत ती माफीची गोष्ट सांगायचे आणि दर वेळी ती थोडी लांबायची. सटवाजीला पुढं बोलावून उभं करायचे. तो उभा राही. चोरी केली असती तर निदान कबूल करून मोकळं तरी होता आलं असतं. न केलेल्या चोरीची माफी कुणाला आणि कशी परत करायची, हे त्याला सुचत नव्हतं. रोज दार उघडायची किल्ली कमरेला होती, आणि आपण बाहेर कसं पडावं ते कळत नव्हतं.

दिवस गेले आणि पुन्हा नवरात्र आलं. अष्टमीला सटवाजीनं खोली पुसली. भिवराबाई बाहेर ओट्यावरच बसली. आत ये म्हटलं तरी आली नाही. संध्याकाळी नागनाथ म्हणाला, "ह्या वर्षी गावी जात नाही मी. पण सटवाजी, उद्यासाठी ते घालायचं का? नुसतं वाचायचं, लिहायचं नाही?"

"उद्या सांगतो, साहेब."

नवमीला माळा आल्या, पेढे आले, आंब्याची पानं आली. आबासाहेब पाहुण्यांचा घोळका घेऊन आले. त्यात व्यंकटरावही होते. मोंढ्यात बसायचं तर कुणाशी कायमचं वाकडं परवडत नाही, हे दोघांनाही कळत होतं. सटवाजी ताट घेऊन दारात उभा.

"दाखव रं बन्सीधर," आबासाहेब म्हणाले. "ह्या सालचं दाखव ह्यास्नी."

बन्सीधर खुर्ची ओढून बसला. बोटं बटणांवर गेली.

"जरा थांबा, बन्सीधरराव," सटवाजी म्हणाला. आवाज मोठा नव्हता, पण पेढ्यांच्या ताटामागून आल्यामुळं सगळ्यांनी ऐकला. "नागनाथसाहेब, आज मशीन मोकळं हाय ना? औंदा मुसकं घातलं न्हाई ना त्याला?"

नागनाथनं चष्मा सारखा केला. एकदा आबासाहेबांकडं बघितलं, मग सटवाजीकडं. "नाही. मोकळं आहे. जे उघडाल त्याची वेळ पडेल."

"काय मुसकं?" एका पाहुण्यानं विचारलं.

"काय न्हाई, पाव्हणं," सटवाजी म्हणाला. "गेल्या नवमीला म्याच म्हणलो व्हतो, हत्याराला आज लिहू देऊ नका म्हणून. माझं आडाण्याचं खूळ. औंदा म्हणलं, लिहू द्या त्याला. कोण आलं, काय बघितलं, समदं लिहू द्या." आणि त्यानं ताट पुढं केलं. "घ्या, व्यंकटराव. पेढा घ्या. गेल्या साली तुमच्या हातात तसाच राहिला व्हता."

व्यंकटरावांनी पेढा घेतला आणि घाईनं अख्खा तोंडात टाकला. आबासाहेब मशीनकडं बघत उभे होते, माळेतलं एक फूल चुरगळत. बन्सीधरची बोटं बटणांवरच होती आणि मान आबासाहेबांकडं वळलेली.

"राहू दे, बन्सीधर," शेवटी आबासाहेब म्हणाले. "हत्यार हाय. आज चालवू नये."

पाहुणे चहाला वळले. सटवाजीनं ताट खाली ठेवलं, दाराबाहेर गेला आणि ज्याच्या-त्याच्या चपला ज्याच्या-त्याच्या पायाशी नेऊन ठेवू लागला. आबासाहेबांच्या तेवढ्या त्यानं जागच्या जागी राहू दिल्या. आबासाहेब अनवाणी चार पावलं चालून गेले, वाकले आणि स्वतःच्या हातानं घातल्या.

ओट्यावरून भिवराबाई म्हणाली, "आवं, आता येऊ का घटकाभर गारव्याला?"

"ये," सटवाजी म्हणाला. "चपला काढ. अन् समद्यांदेखत ये."